'द चॅलेंजर लाँच डिसिजन': एक चिकित्सा

डायान व्हॉन यांच्या १९९६ च्या या ग्रंथाचा सिद्धांत असा की, २८ जानेवारी १९८६ रोजी सात अंतराळवीरांचा बळी घेणारा निर्णय नियम पाळूनच घेतला गेला. रबरी कड्यांची झीज आधीच्या उड्डाणांत आढळली होती. परंतु यान सुखरूप परतत राहिल्याने ती 'चालण्यासारखी' ठरत गेली. दोषाचे मूळ विचारसवयीत दाखविणे हे या ग्रंथाचे मोठे योगदान होय.

तथापि हा सिद्धांत सर्वत्र पुरत नाही. बेला परिसराला जवळचे उदाहरण तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यातील कडेम धरणाचे आहे. ऑगस्ट १९५८ मध्ये २.४ मीटर मोकळी उंची राखलेली असूनही पाणी माथ्यावरून सुमारे ४६ सेंटीमीटर वाहिले व धरण फुटले. नव्या धरणाबाबत धोक्याची सवय होण्याइतका काळच गेला नव्हता. ट्व्हर्स्की व काह्नेमन यांनी १९७४ मध्ये मांडलेला, पहिल्या आकड्याला चिकटून राहण्याचा कल येथे अधिक विचारार्ह ठरतो. कारण पुराचा मूळ अंदाज चुकला की पुढचा प्रत्येक हिशेब चुकतो. जुलै २०२२ मध्येही तेथील आवक विसर्गक्षमतेपलीकडे गेली.

दुसरी मर्यादा नैतिक आहे. सारा दोष संस्थेच्या सवयीवर टाकल्यास आदल्या रात्री उड्डाणास विरोध करणाऱ्या रॉजर बोईजोली यांच्या धैर्याचे मोल उणावते. पूर्वग्रहाने चुकीचा उलगडा होतो, जबाबदारी टळत नाही. ज्ञानाला अमानत मानणाऱ्या अध्यापकाने वर्गात आकड्याच्या अचूकतेबरोबरच, तो चुकल्यास पाणी कोणाच्या घरात शिरेल, हेही विचारावयास हवे.