‘निघून गेली’ हे वाक्य कोणाचं?

मराठी वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत एक मजकूर वर्षानुवर्षं जवळपास एकाच साच्यात छापून यायचा. जिथे असशील तिथून निघून ये, कोणीही रागावणार नाही, आईने अंथरूण धरलं आहे. वर पुसट फोटो, खाली पत्ता. फोटोतलं माणूस का गेलं असेल, याचा विचार वाचणारा क्षणभर तरी करायचा. जाहिरात कोणी दिली आहे, याचा विचार सहसा कोणी करत नसे.

मार्च १९८२मध्ये सिडनीच्या एका वर्तमानपत्रात अशीच छोटी जाहिरात आली होती. लिन, माझं तुझ्यावर प्रेम आहे, आम्हा सगळ्यांना तुझी आठवण येते, फोन कर, घरी ये, अशा आशयाची. खाली नाव नवऱ्याचं, ख्रिस. लिन तेव्हा ३३ वर्षांची होती. चार आणि दोन वर्षांच्या दोन मुली मागे ठेवून ती जानेवारीत नाहीशी झाली होती. जाहिरात छापून आली त्या वेळी तिच्या घरात, तिच्या जागी, ख्रिसची विद्यार्थिनी राहत होती. आधी तीच मुलगी या दोन लहानग्यांना सांभाळायला घरी यायची. चाळीस वर्षांनी, ३० ऑगस्ट २०२२ रोजी, न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाने ख्रिस डॉसनला लिनच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं. पुढे त्याला २४ वर्षांची शिक्षा झाली. तिचा मृतदेह मिळाला नाही.

या प्रकरणावरचा ‘द टीचर्स पेट’ हा पॉडकास्ट २०१८ साली आला. ‘द ऑस्ट्रेलियन’ या दैनिकाचे पत्रकार हेडली थॉमस यांनी तो केला. त्याच वर्षी त्याला ऑस्ट्रेलियन पत्रकारितेतला सर्वोच्च मानला जाणारा गोल्ड वॉकली पुरस्कार मिळाला आणि डिसेंबरात डॉसनला अटक झाली. गुन्हेकथा सांगणाऱ्या पॉडकास्टांची आज रेलचेल आहे आणि त्यांतल्या बहुतेकांबद्दल स्वतंत्र लिहावं असं काही नसतं. याच्याबद्दल लिहावंसं वाटतं, कारण तो खुनाची गोष्ट म्हणून सुरू होतो आणि ऐकता ऐकता एका वाक्याची गोष्ट होतो. ते वाक्य म्हणजे ‘ती निघून गेली’. हे वाक्य छत्तीस वर्षं टिकलं कसं, हा त्याचा खरा विषय आहे. स्वतः पॉडकास्टला ते प्रत्येक वेळी कळलेलं आहे असं मात्र नाही.

*

ख्रिस डॉसन व्यायामशिक्षक होता, त्याआधी रग्बी लीगचा खेळाडू. त्याला हुबेहूब दिसणारा जुळा भाऊही खेळाडू आणि शिक्षक. गावात दोघांचं वजन होतं. १९७५ साली एबीसी वाहिनीने जुळ्यांवर केलेल्या कार्यक्रमात हे दोघे भाऊ झळकले. त्यात लिनही दिसते, बोलते. पण तिथेही ती नवऱ्याच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून आहे.

घटनाक्रम नीट लावला तर लक्षात येतं, की घर आणि मुली सोडून आधी गेला तो ख्रिस. १९८१च्या नाताळच्या तोंडावर त्या विद्यार्थिनीला गाडीत घेऊन तो क्वीन्सलंडकडे निघाला. जाताना बायकोसाठी चिठ्ठी ठेवली, आणि तिच्यात मुलींसमोर आपलं चित्र फार काळं रंगवू नकोस, अशी विनंती होती. थोड्याच दिवसांत तो परतला. ८ जानेवारीला नवरा-बायको समुपदेशनाला गेले. त्या रात्री लिनचं आईशी फोनवर बोलणं झालं. नवऱ्याने छान पेय करून दिलंय असं ती म्हणाली, तिची जीभ जड वाटत होती. आईशी झालेलं ते शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावावर आई आणि नाती लिनची वाट पाहत होत्या. ख्रिस तिथेच कामाला होता. लिनचा फोन आला होता, तिला थोडे दिवस एकटीला राहायचंय, असं त्याने येऊन सांगितलं.

बायको बेपत्ता असल्याची नोंद त्याने पोलिसांत केली ती १८ फेब्रुवारीला, म्हणजे जवळपास सहा आठवड्यांनी. विद्यार्थिनी मात्र काही दिवसांतच घरात राहायला आली होती. लिनचे कपडे तसेच होते.

चिठ्ठी, फोनचा निरोप, पोलिसांतला जबाब, जाहिरात. लिनच्या जाण्याबद्दलचा पहिल्या काही महिन्यांतला सगळा मजकूर एकाच माणसाने तयार केलेला आहे. बायकोला मुठीत ठेवण्याबद्दल बोलताना आपण पैसा, फोन, माहेरी जाण्यावरची बंदी यांचा विचार करतो. या प्रकरणात दिसतं ते असं, की ती कोण आहे, तिला काय हवंय आणि ती का गेली हे जगाला सांगण्याचा हक्कसुद्धा नवऱ्याने स्वतःकडे घेतला. ताब्याचं हे रूप बाई नाहीशी झाल्यावरही चालू राहू शकतं. इथे ते चाळीस वर्षं चाललं.

*

पॉडकास्टची ताकद आहे ती दुसरा मजकूर गोळा करण्यात. लिन परिचारिका होती आणि एका पाळणाघरात काम करायची. तिथल्या सहकारी, शेजारणी, भाऊ, भावजय, बहीण, शाळेतल्या त्या काळच्या मुली, असे कितीतरी आवाज थॉमस ऐकवतात. कोणी तिला अंगणात रडताना पाहिलेलं असतं, कोणी तिच्या अंगावरचे वळ. एका सहकारी मैत्रिणीने पुढे कोर्टातही सांगितलं, की समुपदेशनाला जाताना नवऱ्याने गळ्याला हात घातल्याचं लिन तिच्याशी बोलली होती.

यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर किरकोळ वाटतं. म्हणूनच ती वाक्यं इतकी वर्षं ज्याच्या त्याच्या घरात पडून राहिली. नवऱ्याचं वाक्य पोलिसांच्या कागदावर चढलं आणि बायकांची वाक्यं गप्पांमध्ये राहिली, कारण ती कोणी विचारलीच नाहीत. २००१ आणि २००३ मध्ये दोन न्यायिक चौकशा झाल्या. लिन जिवंत नाही आणि ओळखीच्या माणसाने तिला मारलं, या निष्कर्षापर्यंत त्या पोचल्या. तरी पुरावा अपुरा म्हणून खटला उभा राहिला नाही. पॉडकास्टमधले साक्षीदार बोलताना चाचरतात, तेव्हाच बोलायला हवं होतं असं त्यांना वाटत असतं. ते चाचरणं संपादनात कापलेलं नाही, हे मला या कामातलं सर्वांत प्रामाणिक वाटतं.

*

पण लोकांनी ते वाक्य मान्य का केलं? पोलिसांचा आळस आणि खेळाडूचा दबदबा ही उत्तरं पॉडकास्ट देतो आणि ती बरोबर आहेत. माझ्या मते आणखी एक उत्तर आहे, आणि ते आपल्यासारख्या वाचकांना जास्त अडचणीचं आहे.

त्याच १९८२ साली मराठीत ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलीला घरी ठेवून नोकरीसाठी बाहेर पडते आणि परतल्यावर पुन्हा निघते. आई असलेली बाई घर सोडू शकते आणि तरी तिच्या बाजूने उभं राहता येतं, हे आपल्याकडे अनेकांना त्या चित्रपटाने शिकवलं. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८७९ साली, इब्सेनच्या नोराने हेच युरोपला शिकवलं होतं. उंबरठा ओलांडणारी बाई ही आपल्या आधुनिक साहित्याची लाडकी प्रतिमा आहे, आणि ती तशी असायलाच हवी.

मात्र ख्रिस डॉसनने हीच गोष्ट वापरली. तिला स्वतःसाठी वेळ हवा होता, तिला विचार करायचा होता. ऐंशीच्या दशकातल्या सुशिक्षित माणसाला हे पटण्याजोगं होतं. बायको म्हणजे बांधून ठेवायची वस्तू नव्हे, गेली तर तिचा निर्णय. जुन्या मताच्या माणसाने म्हणावं ‘मुलं टाकून गेली, कसली आई’, नव्या मताच्या माणसाने म्हणावं ‘तिचं आयुष्य आहे’, आणि दोघांनीही शोध थांबवावा. आपल्याकडच्या बातम्यांत ‘दोन मुलांची आई पसार’ अशा धर्तीचे मथळे दिसतात. त्यांतही तेच होतं. बाई गेली हे गृहीत धरलं जातं, आणि ते पहिल्यांदा कोणी म्हटलं हे बातमीत नसतं.

मग नोरा आणि लिन यांच्यातला फरक ओळखायचा कसा? नोरा आपलं जाणं स्वतः सांगते, नवऱ्याच्या तोंडावर, आणि आपल्यादेखत. सुलभाचंही तसंच आहे. लिनचं जाणं आपल्याला फक्त नवऱ्याकडून कळतं. स्वातंत्र्याची गोष्ट सांगायची तर ती जाणारीच्या तोंडून यायला हवी. न्यायमूर्ती इयन हॅरिसन यांनी निकालात केलेला तर्क याच्या जवळचा आहे. ज्याच्यामुळे घर सोडलं त्या नवऱ्याशीच फोनवर संपर्क ठेवायचा, आणि आई, भावंडं, मैत्रिणी यांच्यापैकी कोणालाही कधीच काही कळवायचं नाही, हे त्यांना अतर्क्य वाटलं. तलावावर आलेला तो फोन कोर्टाने खोटा ठरवला. एखाद्या समीक्षकाने कथेतला निवेदक अविश्वसनीय ठरवावा, तशी ती भूमिका आहे.

*

आता पॉडकास्टच्या उणिवा. पहिली शीर्षकातच आहे. ‘टीचर्स पेट’ म्हणजे मास्तरांची लाडकी. शाळेत चिडवायचा शब्द. एका प्रौढ शिक्षकाने शाळकरी मुलीला हेरलं आणि आपल्या घरात आणलं, त्या व्यवहाराला हे नाव देणं म्हणजे गोष्ट पुन्हा मास्तरांच्या नजरेने सांगणं. त्या मुलीशी डॉसनने १९८४ साली लग्न केलं. १९९०मध्ये ती त्याला सोडून बाहेर पडली आणि लिनबद्दलचा आपला संशय तिनेच पोलिसांना सांगितला. पुढे कोर्टात, लग्नाच्या त्या वर्षांत आपण कसे जखडलेले होतो, हेही तिने सांगितलं. म्हणजे या कथेत खरोखर घर सोडणारी बाई आहे, आणि ती गेली तेव्हा तिने तसं स्वतः येऊन सांगितलं. लिनच्या नावावर खपवलेल्या खोट्या गोष्टीची खरी आवृत्ती या मुलीकडे होती. पॉडकास्ट तिला सहानुभूती देतो, पण शीर्षक बदलण्याइतकी नाही. डॉसन २०२३मध्ये वेगळ्या खटल्यात विद्यार्थिनीशी बेकायदा शरीरसंबंध ठेवल्याबद्दल दोषी ठरला, तेव्हा तर ते शीर्षक आणखीच हलकं वाटलं.

दुसरी उणीव रूपाची आहे. मालिकेला प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी लटकतं ठेवावं लागतं. म्हणून थॉमस पुन्हा पुन्हा जमिनीकडे वळतात. कुठे खणलं, कुठे खणायला हवं होतं. या ओढीत घरातला रोजचा धाक ही नुसती पूर्वपीठिका होते, आणि श्रोता मृतदेहाची वाट पाहू लागतो. निवेदकाला निकाल आधीपासून माहीत असल्याचा सूरही खटकतो. त्याची किंमत खऱ्या खटल्याला मोजावी लागली. एप्रिल २०१९मध्ये ऑस्ट्रेलियात पॉडकास्ट काढून घ्यावा लागला, गाजावाजामुळे खटल्याला तात्पुरती स्थगिती मिळाली, आणि शेवटी तो ज्युरीविना एकट्या न्यायाधीशापुढे चालला. साक्षीदारांच्या आठवणींवर या प्रसिद्धीचा परिणाम झाला का, हा प्रश्न कोर्टालाही सोडवत बसावा लागला. एकाच निवेदकाच्या ताब्यात गेलेली गोष्ट सोडवायला निघालेला माणूस स्वतः तितकाच ठाम निवेदक व्हावा, हा या कामातला मोठा विरोधाभास आहे.

*

त्या रोजच्या धाकाला कायद्यात नाव मिळायला फार उशीर झाला. समाजशास्त्रज्ञ इव्हन स्टार्क यांनी ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ हे पुस्तक २००७ साली लिहिलं. मारहाण हा सुटा प्रसंग असतो, पण पैसा, कपडे, वेळ, माणसं यांच्यावरचा सततचा ताबा हेच मूळ, असं त्यांचं म्हणणं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. लिनच्या न्यू साउथ वेल्समध्ये हा कायदा १ जुलै २०२४ पासून अमलात आला. भारताच्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळ आहे. मराठी भाषेत तर हे शब्द कधीचे आहेत. धाक, वचक, जाच, सासुरवास. पोलिसांच्या कागदावर ‘जाचहाट’सुद्धा येतो. शब्द असूनही आपल्याला तो गुन्हा दिसत नाही, कारण हे सगळे शब्द घरात नांदणाऱ्या बाईसाठी आहेत. ती दिसेनाशी झाली की भाषा बदलते. मग ती जाचातली सून राहत नाही, ‘निघून गेलेली’ होते, आणि मिसिंगच्या नोंदीत जमा होते.

‘द टीचर्स पेट’ ऐकावा तो यासाठी. खुनी कोण हे आता सगळ्यांना माहीत आहे, २०२४ साली त्याचं अपीलही फेटाळलं गेलं. ऐकण्यासारखं उरतं ते हे, की एका माणसाचं वाक्य खोटं ठरवायला किती जणींची वाक्यं गोळा करावी लागली.

निकालाच्या दिवशी लिनच्या भावाने लोकांना एक विनंती केली. यापुढे तिला डॉसन म्हणू नका, लिनेट जॉय सिम्स म्हणा. हे तिचं माहेरचं नाव. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या जाहिरातीत तिला हाक मारणारा एकच माणूस होता. कोर्टाबाहेरच्या त्या विनंतीने निदान हाक मारणारं माणूस बदललं.