तातडीच्या विभागातील गर्दी : एका प्रतिमानाची चिकित्सा

हिवाळ्यात इन्फ्ल्युएंझाची साथ पसरली, की रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत गर्दी होते व तिचे खापर बहुधा दाराशी आलेल्या रुग्णांवर फुटते. ब्रेंट अ‍ॅस्प्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाने आगमन, उपचार व निर्गमन ही अंगे परस्परावलंबी मानली, हे त्याचे मोठे श्रेय होय. वॉर्डात खाट नसेल तर तपासून झालेला रुग्णही ट्रॉलीवरच अडकतो.

साथीच्या संदर्भात मात्र ही मांडणी अपुरी वाटते. इन्फ्ल्युएंझाचा रुग्ण इतरांपासून वेगळा ठेवावा लागतो. म्हणजे रिकामी खाटही त्याच्या उपयोगाची असेलच असे नाही. परिचारिकाही त्याच सुमारास आजारी पडतात. आगमनाचा भार आणि खाटांची उणीव प्रतिमानात वेगवेगळ्या खणांत आहेत. साथीत दोहोंचे कारण एकच असते.

इंग्लंडने घड्याळ लावले ते दाराशी. चार तासांत ९८ टक्के रुग्णांचा निकाल लागावा, ही २००४ मधील अपेक्षा २०१० मध्ये ९५ टक्क्यांवर आली. जुलै २०१५ नंतर तीही देशभरात पुरी झालेली नाही. जानेवारी २०१८ मध्ये तर तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया महिनाअखेरपर्यंत पुढे ढकलण्याचा सल्ला तेथील रुग्णालयांना मिळाला. उपाय निर्गमनाच्या अंगाचा खरा. पण त्यापायी घरी ताटकळलेल्या रुग्णाला अ‍ॅस्प्लिन यांच्या आकृतीत स्वतंत्र खण नाही.