वाटी, चमचा आणि अंदाज

पाककृतींच्या पुस्तकाची समीक्षा वाङ्मयीन त्रैमासिकात कशासाठी, असे काही वाचक विचारतील. पुस्तक वाचून माणसे त्याबरहुकूम वागतात, हे भाग्य आपल्या भाषेत फार थोड्या ग्रंथांच्या वाट्याला आले आहे. (आमच्या प्रवचनांच्या वाट्याला तर नाहीच.) 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे हजार पाकक्रियांचे ‘गृहिणीमित्र’ आले आणि 1970 साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’. दुसऱ्या पुस्तकाची कसोटी मी जवळून पाहिली, म्हणून हा प्रपंच.

आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांची पत्नी निवर्तली. मुलगी सासरी गेलेली. चहापलीकडे ज्यांचा चुलीशी संबंध नव्हता, त्यांच्यावर पासष्टाव्या वर्षी स्वयंपाक शिकण्याची वेळ आली. मुलीने माहेरीच ठेवलेले ‘रुचिरा’ त्यांनी फळीवरून काढले. पुढे वर्षभर मी त्यांच्या घरी अधूनमधून जेवलो आणि पुस्तकही वाचून काढले.

या पुस्तकाचे बळ त्याच्या मापांत आहे. तराजू नको, वजने नकोत; घरातली वाटी आणि घरातला चमचा पुरे. यावर नेहमीचा आक्षेप असा की, वाटी म्हणजे कोणती? हा आक्षेप मला अर्धाच पटतो. पाककृतीत महत्त्व प्रमाणाला असते. डाळ, गूळ, पाणी सारे एकाच वाटीने मोजले, तर वाटी लहान की मोठी याने फक्त जेवणारांची संख्या बदलते. खरी अडचण येते ती वाटी आणि चमचा एकाच कृतीत एकत्र येतात तेव्हा, कारण त्या दोघांचे परस्परनाते घरोघर निराळे असते. या गृहस्थांच्या पहिल्या आमटीत तिखट वाढण्याच्या चमच्याने पडले होते. आम्ही दोघांनी ती डोळे पुसत संपवली.

दुसरी उणीव एकूणच छापील पाककृतींची आहे. मिनिटे छापता येतात. पण ती एका आचेची आणि एका भांड्याची असतात. त्यांच्या पहिल्या पुरणपोळ्या तव्यावर जाण्याआधीच फाटल्या. शिजलेल्या डाळीतले पाणी पुरते निथळले नव्हते, त्यात गूळ विरघळून आणखी सैल झाला, आणि वेळ झाली म्हणून यांनी पातेले उतरवले. माझी आई घड्याळ पाहत नसे. पुरणात उलथने उभे राहिले की ते झाले, एवढी खूण तिला पुरे होती. जी कृती अशी खूण सांगते, ती मी श्रेष्ठ मानतो.

सेमिनरीत आम्ही मिस्साग्रंथातील तांबड्या अक्षरांतल्या सूचना पाठ करीत असू. हात केव्हा पसरावेत, केव्हा जोडावेत, कोठे वाकावे. पहिल्या मिस्सेत त्या सर्व पाळूनही माझी घाई लपली नाही. शेजारी उभे असलेले वृद्ध धर्मगुरू हळूच एवढेच म्हणाले, “सावकाश.” तांबडी अक्षरे नसती तर मी उभाही राहू शकलो नसतो, हेही खरे. पाककृती ही मला त्याच जातीची वाटते. तिच्याकडून सोबतीची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

मात्र एका जागी पुस्तक थांबले आणि त्याचा दोष पुस्तकाकडे जात नाही. पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर नातेवाइकांना तिच्या हातचे वाटावे असे जेवण घालावे, ही त्यांची इच्छा होती. त्यासाठी हवा होता तिचा बाटली मसाला. फळीवर बाटलीच्या तळाशी तो चारएक बोटे उरला होता. लेखिकेने आपल्या घरचा स्वयंपाक लिहिला. आमच्या घरचा तिने का लिहावा? तो आम्ही लिहायला हवा होता. आपल्या स्त्रिया उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, जिन्नस एकेक करून भाजून, मसाला कांडून बाटल्यांत दडपून भरीत आल्या, आणि प्रमाण विचारले की “अंदाजाने” म्हणत आल्या. आपण पुरुषांनी त्यांच्या पाठीशी बसून ते कधी टिपले नाही. गावाचा इतिहास लिहिला, चर्चचा लिहिला. मसाल्याचे प्रमाण आपल्याला लिहिण्याजोगे वाटले नाही.

शेवटी शेजारच्या मावशी आल्या. त्या दोघी बरोबरीने मसाला कांडीत असत. मावशींनी धण्यांची मूठ उचलली, की हे गृहस्थ पुढे वाटी धरीत आणि म्हणत, “आधी हिच्यात टाका.” वाटीत किती आले ते पाहून मगच धणे तव्यावर जात. मावशी दोनदा रागावल्या. दुपारपर्यंत ‘रुचिरा’च्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने बावीस जिन्नस उतरले होते. प्रत्येकासमोर वाट्यांचा आकडा, आणि भाजण्याच्या रकान्यात मिनिटांऐवजी मावशींचे शब्द: “तडतडेपर्यंत”, “हाताला कोरडे लागेपर्यंत”.

जेवण झाल्यावर त्यांनी ते पान मला दाखवले. तळाशी एक ओळ नव्याने लिहिली होती: रंग आला, वास थोडा कमी, पुढच्या उन्हाळ्यात दालचिनी वाढवून पाहणे.