कवलापूरची जोडी आणि परदेशातील सोंगाड्या

सांगली जिल्ह्यातील पलूस परिसरातील जत्रेत तमाशाची कनात उभी राहिली की प्रेक्षक ज्याची वाट पाहत, तो सोंगाड्या, म्हणजे गवळणीत (कृष्ण आणि गवळणींच्या प्रसंगात) कृष्णाचा सवंगडी पेंद्या किंवा गवळणींची मावशी आणि वगात शिपाई वा नोकर होऊन हसवणारा नट, संवाद पाठ करून उभा राहत नसे. वग म्हणजे तमाशाच्या उत्तरार्धातील कथानाट्य. त्याचा सांगाडा सर्वांना ठाऊक असे, परंतु बोलणे जागेवरच सुचत असे, आणि म्हणूनच उसाचे बिल, द्राक्षाचा दर किंवा गावच्या पाटलाची मिशी यांपैकी काहीही त्यात सहज येऊन बसे.

या उत्स्फूर्त बोलण्याच्या विद्येचे सांगली जिल्ह्यातील सर्वांत लोभस उदाहरण म्हणजे मिरज तालुक्यातील कवलापूरचे जुळे बंधू लहू आणि अंकुश खाडे. शिवा-संभा कवलापूरकर या फडाची परंपरा त्यांच्या घरातच होती. ‘जहरी प्याला’ या वगातील काळू आणि बाळू या हवालदारांच्या भूमिकांनी मात्र त्यांना अशी कीर्ती दिली, की मूळ नावे मागे पडून काळू-बाळू हीच त्यांची ओळख झाली. हुबेहूब एकसारखे दोन चेहरे समोर आले की समोरच्या पात्राची आणि प्रेक्षकाचीही फसगत होणारच. तथापि केवळ साम्यावर हशा फार काळ टिकत नाही. एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने क्षणात झेलावा लागतो, आणि पिढीजात संस्काराचे मोल तिथेच कळते.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी हीच मोकळीक शहरी रंगमंचावर आणली आणि चालू राजकारणावरील ताज्या कोट्यांनी प्रयोगागणिक नाटक नवे केले.

ही मोकळीक परदेशातील मराठी मंचावरही दिसते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून मराठी माणसांना एकत्र आणत आले आहे. अशा मंडळांच्या मंचावर गण (गणेशवंदना), गवळण आणि वग सादर करणारे हौशी कलावंत नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी तालमी करतात, हे कौतुकास्पदच आहे. त्यातही जी मंडळी छापील विनोद न घोकता सोंगाड्याची जागा मोकळी सोडतात, त्यांनी या कलेचा प्राण ओळखला आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना या परदेशी मंचावरचा पेंद्या पार्किंगचा दंड मागतो, बर्फात अडकलेल्या दुधाची चौकशी करतो, आणि मावशी त्याला अस्सल सांगली वळणाच्या मराठीत झापते.