खोल नसलेली माती : मराठी ख्रिस्ती आत्मकथने आणि श्रद्धेच्या टिकाऊपणाचा प्रश्न

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती समाजाविषयीच्या लेखनात एक प्रश्न बहुधा टाळला जातो. बाप्तिस्मा घेतलेल्या, उपासनेला नियमित जाणाऱ्या आणि नाताळ व ईस्टर उत्साहाने साजरे करणाऱ्या अनेकांची श्रद्धा कसोटीच्या काळी का टिकत नाही? या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. मंडळीबाहेरचा टीकाकार म्हणतो की, हे लोक पोटासाठी बाटले. लाभ संपला की श्रद्धाही संपणारच. मंडळीतील उपदेशक म्हणतो की, माणसाचे मन दुर्बळ आहे आणि त्याची प्रार्थना कमी पडते. एका उत्तरात उपहास आहे, तर दुसऱ्यात कळकळ. दोन्ही उत्तरांत दोष मात्र एकट्या श्रद्धावंताच्या माथी मारला जातो.

प्रस्तुत लेखात ही दोन्ही उत्तरे अपुरी असल्याचे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’, पंडिता रमाबाईंचे साक्षकथन आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही तीन आत्मकथने या विवेचनाचा मुख्य आधार असून, नाशिकच्या शरणपूर येथील ख्रिस्ती वसाहतीचा इतिहास पार्श्वभूमी म्हणून विचारात घेतला आहे.

पेरणाऱ्याचा दाखला : एक पुनर्वाचन

उथळ श्रद्धेची चर्चा निघाली की पेरणाऱ्याच्या दाखल्याचा आधार घेतला जातो. मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत तो आला आहे. पेरणारा बी टाकतो. काही बी वाटेवर पडते, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. खडकाळ जागेतले बी लगेच उगवते, पण माती खोल नसल्याने ऊन वर येताच करपते. येशूने केलेल्या स्पष्टीकरणानुसार, वचन आनंदाने स्वीकारणारा पण मूळ न धरलेला आणि छळ होताच अडखळणारा माणूस तो हा.

व्याख्यानपीठावरून या दाखल्याचा अर्थ पुष्कळदा माणसांच्या चार जाती असा लावला जातो. मात्र नाशिक-नगर पट्ट्यातील कोणत्याही शेतकऱ्याला हा अर्थ पटणार नाही. मुरमाड रानात पहिल्या पावसावर उगवण झपाट्याने होते आणि पावसाने ओढ दिली की पीक माना टाकते, हे त्याला ठाऊक असते. दगड वेचून, गाळ टाकून, बांध घालून हलकी जमीनही सुधारता येते, हेही त्याला ठाऊक असते. जमीन हे नशीब नाही. तिच्यात कितीतरी हातांची मेहनत असते.

दाखल्यातील आणखी दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. खडकाळ जागेतले रोप जलद उगवते. म्हणजे आरंभीचा उत्साह हा खोलीचा पुरावा नव्हे, काही वेळा तो मातीच्या पातळपणाचेच लक्षण असतो. दुसरे असे की, करपविणारे ऊन आणि कणीस पिकविणारे ऊन एकच असते. म्हणून एखाद्याची श्रद्धा करपली तर उन्हाला किंवा बियाला दोष देण्याआधी माती किती होती, हे विचारावे लागते. ही माती म्हणजे काय, याचे उत्तर आत्मकथनांत शोधता येते.

बाप्तिस्मा आणि श्रद्धा यांतील अंतर

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षकथनात त्यांनी जे सांगितले आहे, ते आजही अनेक पाळकांना अस्वस्थ करणारे आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त लाभला नव्हता, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. ही जाणीव त्यांना १८९१ च्या सुमारास झाली. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेली, शारदासदनासारखी संस्था उभी करणारी एक विदुषी स्वतःच्या श्रद्धेचे पहिले पर्व अपुरे ठरविते, याचे मोल मोठे आहे.

त्या आठ वर्षांत रमाबाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. वाँटेजच्या भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी आणि चर्चच्या अधिकाराविषयी निर्भीडपणे प्रश्न विचारताना दिसतात. धर्मगुरूंनी सांगितले म्हणून मानावे, हे त्यांना मान्य नव्हते. तत्कालीन काही ख्रिस्ती मंडळींना हा उद्धटपणा वाटला. आज वाचताना जाणवते की, ही नांगरट होती. ज्या प्रश्नांना तोंड फुटले, ते पुढे श्रद्धेच्या मुळाशी दगड होऊन राहिले नाहीत. आयुष्याच्या अखेरच्या काळात मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे प्रचंड काम त्यांनी केले. त्यामागे हीच प्रश्न विचारण्याची सवय आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या आणि कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंच्या पतीने, नारायण वामन टिळकांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधली सुमारे पाच वर्षे हा ‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कालखंड आहे. विरह, नातलगांचा दबाव, लोकांची बोलणी आणि पुढे पतीजवळ येऊनही वेगळी ठेवलेली चूल, हे सारे लक्ष्मीबाई विनोदाची साथ न सोडता सांगतात.

समीक्षेच्या दृष्टीने क्रम महत्त्वाचा आहे. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा लक्ष्मीबाई स्वतःशी विचार करतात, तो माणसाने केला असे त्यांना पटते आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निर्णय त्या घेतात. बाप्तिस्मा त्यानंतर येतो. आधी पाण्याचा तांब्या आणि मग पाण्याचा विधी, असा हा क्रम आहे. आचार बदलला तेव्हा विश्वासाला घर मिळाले. ज्या कुटुंबांत विधी आधी होतो आणि स्वयंपाकघर, सोयरीक, शेजार जुन्याच रिवाजाने चालत राहतात, तिथे श्रद्धेला रविवारच्या तासाभरापलीकडे जागा उरत नाही.

स्वतः टिळकांचाही वेग कमी होता. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यानंतर वाचन, शंका आणि पत्रव्यवहार यांत जवळजवळ दोन वर्षे गेली. पुस्तक हाती पडणे आणि पाण्यात उतरणे यांमधला हा काळ वाया गेलेला नव्हता.

गुप्तता आणि ऊन

श्रद्धेला छळ सोसत नाही, याचे एक बोलके उदाहरण ख्रिस्ती मंडळीच्या सीमेवर आढळते. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली परमहंस सभा जातिभेद मोडू इच्छिणाऱ्या सुशिक्षितांची गुप्त मंडळी होती. सभासद एकत्र जमत, जातीचा विचार न करता खात-पीत आणि बाहेर पडल्यावर आपापल्या जातीचे नियम पाळीत. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघड झाली आणि सभा मोडली. विचार खोटे नव्हते. परंतु त्यांना उघड्या हवेत एक दिवसही वाढू दिले गेले नव्हते.

बाबा पदमनजी काही काळ या सभेत होते. ‘अरुणोदय’मध्ये त्यांनी सभेचा वृत्तान्त दिला असून, त्या सभेविषयी आज उपलब्ध असलेल्या महत्त्वाच्या साधनांत त्याची गणना होते. १८५४ मध्ये त्यांनी बेळगावला उघडपणे बाप्तिस्मा घेतला. सभेत राहून जे सुरक्षितपणे मानता आले असते, ते त्यांनी किंमत मोजून मानले. पुढील आयुष्यात मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची भर घालीत त्यांनी जो मार्ग चालविला, त्याचा उगम या उघडेपणात आहे. श्रद्धेला सावली हवी असते, पण सावलीतच ठेवलेले रोप उन्हाला तयार होत नाही.

शरणपूर : आश्रय आणि मूळ

हाच विचार नाशिकच्या शरणपूरला लागू करता येतो. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात, विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. चर्च, शाळा, अनाथगृह आणि सुतारकाम, लोहारकाम शिकविणारे कारखाने तिथे होते. घरातून व जातीतून तुटलेल्यांना आसरा देणे हा हेतू नावातच आहे. नाशिककरांच्या बोलण्यात आज ते नाव रस्त्यापुरते उरले आहे.

अशा वसाहतींवर घेतला जाणारा आक्षेप असा की, मिशनच्या छायेत वाढलेली श्रद्धा परावलंबी होते. आक्षेपात तथ्य आहे. घर, नोकरी, शाळा आणि देव एकाच हातून मिळाले की, त्या हाताविषयीची निष्ठा आणि देवाविषयीची निष्ठा यांतला फरक अनुभवण्याची संधीच राहत नाही. खुद्द टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला, त्यामागे हीच खंत होती.

परंतु शरणपूरचाच इतिहास या आक्षेपाला मर्यादा घालतो. गुलामांच्या व्यापारातून सोडविलेली आफ्रिकी मुले येथे शिकत. त्यांतील काही तरुण डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले आणि १८६६ च्या प्रवासात लिव्हिंग्स्टनने त्यांच्या आळसाविषयी तक्रारी नोंदविल्या. मात्र १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचे हृदय पुरताना प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हाही शरणपूरचाच विद्यार्थी होता. सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली ते शव कित्येक महिन्यांची वाट तुडवीत किनाऱ्याला आणणाऱ्या तुकडीत तो होता. एकाच वसाहतीतून तक्रारीचा विषय झालेली मुलेही निघाली आणि हा तरुणही. आश्रय म्हणजे आपोआप उथळपणा नव्हे. आश्रयानंतर स्वतःच्या बळावर पार पाडायची जबाबदारी मिळाली की नाही, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

ज्यांनी आत्मकथन लिहिले नाही

येथवरच्या विवेचनाला एक गंभीर मर्यादा आहे. पदमनजी, रमाबाई, टिळक दांपत्य ही सारी अक्षरांशी नाते असलेल्या जातींतील माणसे होती. नगर-नाशिक परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार व मांग समाजांतून आली; अनेक घराण्यांचा मंडळीशी संबंध १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांच्या काळात जुळला. त्यांची आत्मकथने फारशी नाहीत. म्हणून ज्याने लिहिले त्याची श्रद्धा खोल आणि ज्याने लिहिले नाही त्याची पोटापुरती, असा निष्कर्ष नकळत काढला जातो. तो अन्यायकारक आहे. दाखल्यात बी कोणत्या कारणाने पडले हे विचारलेले नाही. उगवल्यावर काय झाले, एवढेच पाहिले आहे. भुकेपोटी मंडळीच्या दाराशी आलेल्या आजीची तिसरी पिढी उपासना चालवीत असेल, तर आरंभीच्या भाकरीचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणाला?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीविषयीच्या लेखनात त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. अस्पृश्याला त्याची अवनती समाजरचनेमुळे झाली असे सांगण्याऐवजी ती पापामुळे झाली असे शिकविले गेले, त्यामुळे परिस्थिती बदलण्याची त्याची उमेद खचली, असा त्यांच्या टीकेचा रोख आहे. शिवाय मंडळीतही जात उरली, हे त्यांनी दाखविले. वेदीपुढे एकत्र बसणारी, पण सोयरीक जुळविताना जुने कुळ विचारणारी मंडळी नव्या विश्वासाला कितीशी माती देऊ शकते?

राज्यघटनेखालील १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने या परिस्थितीला कायद्याचे ऊन जोडले. हिंदूंबरोबर १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला; ख्रिस्ती दलित मात्र बाहेर राहिले. परिणामी काही घरांत कागदावर एक धर्म आणि मनात दुसरा, अशी दुहेरी राहणी आली. हिला सरसकट ढोंग म्हणता येत नाही. परमहंस सभेतील सुशिक्षितांसमोर जातीच्या बहिष्काराचे भय होते; या कुटुंबांसमोर मुलांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न आहे. तरीही दोहोंमधले साम्य नाकारता येत नाही : जे सांगता येत नाही, ते पुढच्या पिढीला देता येत नाही.

निष्कर्ष

१. आत्मकथनांतील टिकाऊ श्रद्धा ही जलद उत्साहातून आलेली नाही. ऐकणे आणि स्वीकारणे यांच्या मध्ये, किंवा बाप्तिस्मा आणि आत्मप्रत्यय यांच्या मध्ये, शंकेचा दीर्घ काळ गेला आहे. दर फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला लोटणाऱ्या गर्दीत नवस फेडायला आलेलेही असतात. त्यांच्या आनंदाची थट्टा करू नये. त्यांच्या प्रश्नांना यात्रेनंतर कोण भेटते, हे पाहावे.

२. श्रद्धा रोजच्या आचारात, म्हणजे अन्न, पाणी, विवाह आणि शेजार यांत उतरली की मूळ धरते. लक्ष्मीबाईंचे उदाहरण या बाबतीत निर्णायक आहे.

३. श्रद्धेला स्वतःची भाषा लागते. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचे टिळक सांगत. त्यांची गीते ‘उपासना संगीता’तून आजही गाइली जातात, आणि त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ बेताच्या शिक्षणाच्या लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. मात्र केवळ पाठ झालेला अभंगही उसनाच राहतो.

४. श्रद्धा न टिकण्याची जबाबदारी एकट्या श्रद्धावंताची नाही. जातीचे दगड न वेचणारी मंडळी, प्रश्नांना गप्प करणारे शिक्षण आणि श्रद्धेची कबुली महाग करणारा कायदा यांचाही त्यात वाटा आहे.

श्रद्धा कमी पडली म्हणून माणसाला बोल लावणे सोपे आहे. रान सुधारायला मात्र उन्हाळ्यातच, पेरणीच्या कितीतरी आधी, कोणाला तरी दगड वेचावे लागतात. मराठी मंडळीपुढचे काम या हंगामाचे आहे.