धांवांचें ऐश्वर्य, करंडकाचें दारिद्र्य

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत क्रिकेटच्या संघावर टीकालेख पाहून कांहीं वाचकांच्या भुंवया उंचावतील, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु टीकेचें काम पुस्तकांचे गुणदोष दाखवून संपत नाहीं. समाजाची अभिरुचि कशावर लुब्ध होते व कशाकडे पाठ फिरविते, हेंहि तिनें पाहावयाचें असतें. आणि या दृष्टीनें पाहिलें तर रणजी करंडकाच्या स्पर्धेंतील महाराष्ट्र-संघाचा नव्वद वर्षांचा इतिहास एखाद्या अत्यंत गुणी पण उतावळ्या कवीच्या वहीसारखा दिसतो. ओळी अशा कीं ऐकतांच मान डोलावी. पुरी झालेली कविता मात्र दोनच.

त्या दोन कविता १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या हंगामांतल्या. दोन्ही वेळां संघाचे नायक प्राध्यापक दि. ब. देवधर होते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे हे गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतां मुंबईविरुद्ध २४६ धांवा काढतात, ही कथा महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, आणि ती तशी सांगण्याजोगी आहेहि. पण देवधरांच्या हाताखालीं विजय हजारे व रंगा सोहोनी यांच्यासारखे फलंदाजीबरोबर गोलंदाजीचाहि भार वाहणारे गडी होते, ही त्या कथेची दुसरी बाजू सांगणारा क्वचितच भेटतो.

१९४१ नंतर करंडक पुन्हां आलेला नाहीं. १९७०-७१ त मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असतां अंतिम सामना मुंबईशींच पडला, आणि तोहि हातचा गेला. १९९२-९३ त पंजाबनें अंतिम सामन्यांत वाट अडविली, तर २०१३-१४ त कर्नाटकानें. या शेवटच्या हंगामांत केदार जाधवांनीं सहा शतकांसह १२२३ धांवा केल्या होत्या, आणि उपांत्यपूर्व फेरींत महाराष्ट्रानें मुंबईला मुंबईंतच लोळविलें होतें. हैदराबादेस अंतिम सामना सुरू झाला तेव्हां आम्ही खानदेशवासी मोठ्या आशेनें कान टवकारून बसलों. कर्नाटकानें पहिल्याच डावांत ५१५ धांवा उभारल्या आणि आशा तेथेंच मावळली.

विक्रमांची यादी मात्र डोळे दिपविणारी आहे. १९३९-४० त हजाऱ्यांनीं बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा केल्या. भारतीय फलंदाजाचें तें पहिलें त्रिशतक. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास भाऊसाहेब निंबाळकरांनीं काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या, महाराष्ट्राची धांवसंख्या चार गडी बाद ८२६ झाली, आणि ब्रॅडमनचा ४५२ धांवांचा विक्रम अवघ्या नऊ धांवांवर आला असतां प्रतिपक्षानें पुढें खेळण्याचेंच नाकारलें. एवढें होऊनहि निंबाळकरांच्या वांट्यास एकहि अधिकृत कसोटी सामना आला नाहीं, म्हणून त्या खेळीला एक करुण झांकहि आहे. आणि करुण रसावर आमचें प्रेम अधिक. परंतु त्याच हंगामांत पुढें काय झालें? मार्च १९४९ मध्यें पुण्यासच मुंबईशीं उपांत्य सामना झाला. मुंबईनें ६५१ आणि आठ बाद ७१४ धांवा केल्या; महाराष्ट्रानें ४०७ आणि ६०४. एका सामन्यांत एकूण २३७६ धांवा आणि नऊ शतकें! लोक आजहि हा आंकडा कौतुकानें सांगतात. महाराष्ट्राचा ३५४ धांवांनीं पराभव झाला, हें सांगतांना आवाज जरा खालीं येतो.

तीच गोष्ट २०१६ ची. वानखेडे मैदानावर स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८, अशी ५९४ धांवांची अभंग भागीदारी झाली. दोन गडी बाद ६३५ वर महाराष्ट्रानें डाव सोडला. दिल्लीनें ५९० धांवांनीं उत्तर दिलें, त्यांत ऋषभ पंतांचें त्रिशतक, आणि सामना अनिर्णित. खेळपट्टी निर्जीव होती, हें आम्हांस मान्य आहे. परंतु निर्जीव खेळपट्टीवर गडी बाद करणारा मनुष्य आपणांजवळ नाहीं, याची खंत त्या दिवशीं कोणास वाटल्याचें दिसलें नाहीं. सर्वांच्या तोंडीं ५९४ हा एकच आंकडा.

आमचें म्हणणें एवढेंच कीं हा दोष नशिबाचा नसून रुचीचा आहे. वसंत रांजणे यांनीं १९५६-५७ त आपल्या पहिल्याच प्रथमश्रेणी सामन्यांत सौराष्ट्राचे नऊ गडी ३५ धांवांत बाद केले. ४४३ हा आंकडा ठाऊक असलेल्या वाचकांपैकीं किती जणांस हा दुसरा ठाऊक असेल? पुढें पांडुरंग साळगांवकर आले, इक्बाल सिद्दिकी आले, समद फल्ला आले. प्रत्येक जण एकटा आला, एकट्यानें ओझें वाहिलें आणि गेला. फलंदाजांची आपल्याकडे परंपरा झाली. गोलंदाजांच्या नुसत्या आठवणी राहिल्या. अलंकारांवर भाळणाऱ्या रसिकानें कवितेची वीण पाहूंच नये, तसें हें झालें आहे. २०२२ च्या नोव्हेंबरांत ऋतुराज गायकवाडांनीं अहमदाबादेस उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकांत सात षटकार मारले, तेव्हां साऱ्या देशानें टाळ्या वाजविल्या. त्यानंतर चारच दिवसांनीं विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यांत गायकवाडांनीं पुन्हां शतक झळकाविलें, आणि सौराष्ट्रानें तें सहज पचवून करंडक नेला.

हा सर्व विचार खानदेशांत बसून केला म्हणजे त्याला निराळीच धार येते. जळगांव, धुळें व नंदुरबार हे जिल्हे क्रिकेटच्या कारभारांत पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे मोडतात. पण खानदेशाच्या सीमेवर उभें राहून एकदां तीन दिशांस पाहावें. मुक्ताईनगर सोडून मलकापूरच्या वाटेला लागलें कीं विदर्भ सुरू होतो. विदर्भानें २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदां करंडक नेला. शिरपुराच्या उत्तरेस सातपुड्याचा घाट ओलांडला कीं मध्य प्रदेश. त्यानें २०२१-२२ त मुंबईस हरवून आपला पहिला करंडक मिळविला. नवापुरापलीकडे गुजरात, त्यानेंहि २०१६-१७ त मुंबईलाच नमवून पहिला करंडक घेतला. तीन शेजारी, आणि तिघांच्याहि घरीं अवघ्या दहा वर्षांत दिवाळी. मधल्या खानदेशांतील मुलानें ज्याला आपला संघ म्हणावयाचें, त्याचा शेवटचा करंडक त्याच्या पणजोबांच्या वेळचा! मुक्ताईनगरच्या आणि मलकापूरच्या मुलांची बोली, कपाशी, ऊन हीं सर्व जवळजवळ एकच. फरक तो काय जिल्ह्याच्या रेषेचा.

विदर्भानें हें कसें साधलें, याचा अभ्यास करण्यास पुण्याहून कोणी नागपुरास गेल्यास तें पैसे वाया जाणार नाहींत. चंद्रकांत पंडितांसारखा कडक शिक्षक त्यांनीं आणला, वसीम जाफरांसारखा मुरलेला फलंदाज आणला, हें खरें; परंतु निर्णायक घाव घातले ते घरच्या गोलंदाजांनीं. पहिल्या विजयाच्या वेळीं अंतिम सामन्यांत दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबाणी यांनीं लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. दुसऱ्या वेळीं आदित्य सरवटे यांच्या फिरकीनें सौराष्ट्राला गुंडाळलें. तिसऱ्या वेळीं हर्ष दुबे यांनीं एका हंगामांत ६९ गडी बाद करून स्पर्धेचा विक्रमच केला. पाहुणा फलंदाज आणि घरचा गोलंदाज, असा तो संसार होता.

आतां हंगाम संपून दुसरा सुरू होईपर्यंतचा जो मोकळा काळ, त्याविषयीं आम्हांस वाटणारी काळजी सांगतों. शेतकऱ्याची खरी परीक्षा पीक उभें असतांना होत नाहीं. पऱ्हाट्या उपटून रान मोकळें झाल्यावर तो नांगरट केव्हां करतो, खत कोठून आणतो, बियाणें कोणतें निवडतो, यावर पुढचें वर्ष ठरतें. संघाचेंहि तसेंच. आणि खानदेशांत जसे आखाजीला सालदार ठरतात, तसे क्रिकेटचेहि सालदार याच मोकळ्या काळांत ठरतात. २०२५-२६ च्या हंगामासाठीं महाराष्ट्रानें मुंबईचे पृथ्वी शॉ आणि केरळाकडून खेळणारे जलज सक्सेना यांना आणलें. शॉ यांनीं चंदीगडविरुद्ध २२२ धांवांची तडाखेबंद खेळी केली आणि वर्तमानपत्रांचे मथळे सजले. सक्सेना यांची निवड आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. रणजी स्पर्धेंत सहा हजारांवर धांवा व चारशेंवर बळी मिळविणारा हा पहिला खेळाडू. पण त्यांचा जन्म १९८६ चा, म्हणजे हें जुनें जाणतें बैल झालें; त्याच्या जोडीला नवा गोऱ्हा जुंपून शिकविला नाहीं तर सालदार गेल्यावर रान पुन्हां पडीक. आमची भीति ही कीं यापुढेंहि थैली सुटेल ती एखाद्या नामांकित फलंदाजासाठींच. त्याच हंगामाच्या पहिल्या सामन्यांत केरळाविरुद्ध फलकावर एकहि धांव लागण्यापूर्वीं महाराष्ट्राचे तीन फलंदाज परतले होते, म्हणून फलंदाजी कमी पडते असा ओरडा करावयास निमित्तहि तयार आहे.

दुसरी काळजी वीस षटकांच्या उत्सवाची. २०२३ पासून असोसिएशननें महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. त्या पहिल्या स्पर्धेंतील संघांत पुणें, कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, रत्नागिरि अशीं नांवें होतीं, खानदेशाचें नव्हतें. याचा आम्हांस राग नाहीं, थोडें वाईट वाटतें इतकेंच. खरी तक्रार निराळी आहे. त्या खेळांत गोलंदाजास चार षटकें मिळतात, आणि धांवा रोखल्या म्हणजे त्याचें काम झालें. रणजीच्या सामन्यांत दिवसाला नव्वद षटकें टाकावयाचीं असतात. दुपारीं चार वाजतां, चेंडू मऊ पडला असतां, जमून बसलेल्या दोन फलंदाजांपुढें अठरावें षटक टाकण्याचें बळ आणि बुद्धि त्या रोषणाईंत कोठून येणार? पैसा त्या खेळांत आहे आणि तरुणांनीं तो मिळवूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु उन्हाळ्याचे ते दिवस एकदां गेले म्हणजे लागलीच पाऊस येतो, आणि ऑक्टोबरच्या मध्याला तर रणजीचे सामने सुरू होतात.

या पावसाचाच विचार कोणी नीट केलेला दिसत नाहीं. तयारीचे महिने नेमके जून ते सप्टेंबर. तेव्हां पुण्याबाहेर गहुंज्याचें मैदान सह्याद्रीच्या सरींखालीं भिजत असतें. ऑगस्टांत मद्रासकडे बुची बाबू स्पर्धेस संघ जातो, तें उत्तमच; पण त्याचा लाभ निवडलेल्या पंधरा-वीस जणांस. धुळें पर्जन्यछायेंत आहे. तेथें पाऊस बेताचा पडतो आणि मध्यें मध्यें अशी उघडीप मिळते कीं शेतकरी आभाळाकडे पाहून कष्टी होतो. त्याचें जें दुःख, तें क्रिकेटपटूचें सुख होऊं शकेल. धुळ्यास किंवा जळगांवास उत्तम निचऱ्याच्या चार-सहा गवती खेळपट्ट्या करून गोलंदाजांचें शिबिर भरविण्यास लाखों-करोडोंचें नवें क्रीडागार लागत नाहीं. जळगांवास जैन उद्योगसमूहानें क्रीडा-प्रबोधिनी चालविली आहे, क्रिकेटचा संघ पोसला आहे. म्हणजे या भूमींत क्रिकेट रुजतच नाहीं असेंहि म्हणण्याची सोय नाहीं.

आणि मुलें? जळगांवच्या सागर पार्कवर नाहीं तर धुळ्याच्या गरुड मैदानावर संध्याकाळीं जाऊन पाहावें. टेनिसच्या चेंडूनें भन्नाट वेगानें मारा करणारीं पोरें दिसतील. त्या चेंडूला शिवण नसते. म्हणून हवेंत वळविणें, टप्प्यावरून काटणें, जुन्या चेंडूची एक बाजू घासून जपणें यांतलें कांहींच त्यांस येत नाहीं. कातडी चेंडू महाग, आणि मॅटवर वा सिमेंटच्या पट्टीवर तो लौकर फाटतो. वेग देवानें दिला. बाकीचें कोणी शिकविलें नाहीं. अशा मुलास निवड-चाचणीसाठीं महाराष्ट्र एक्सप्रेसनें रात्र काढून पुणें गांठावें लागतें, आणि तेथें जाळींत मोजक्या चेंडूंवर त्याची पारख व्हावयाची. फलंदाजाचा एक देखणा फटका दोन मिनिटांत नजरेंत भरतो. गोलंदाजाचा चिवटपणा कळावयास अर्धा दिवस लागतो, आणि तेवढा वेळ कोणाजवळ असतो? नाशिकच्या मैदानावर रणजीचे सामने झाले आहेत. परीक्षकांनीं तितकेंच आणखी पुढें, मनमाड-चाळीसगांव ओलांडून, आपण होऊन यावें, ही मागणी अवास्तव नव्हे.

पुढच्या ऑक्टोबरांत पहिल्या सामन्याचा संघ जाहीर होईल, तेव्हां वर्तमानपत्रें नेहमींप्रमाणें सलामीला कोण येणार याची चर्चा करतील. आम्ही मात्र यादी खालून वर वाचूं. आठवें, नववें, दहावें, अकरावें हीं नांवें कोणाचीं आहेत, त्यांतलीं गेल्या हंगामांत नसलेलीं किती, आणि जळगांवच्या गाडींत बसून आलेलें त्यांत एखादें तरी आहे का, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.