दाखवायचे दात

युरोपातून कॅनडात विकायला येणाऱ्या गाड्या मोठ्या संख्येने आपल्या हॅलिफॅक्स बंदरात, ईस्टर्न पॅसेजच्या ऑटोपोर्टवर उतरतात. म्हणजे नव्या गाडीचे तोंड आधी पाहण्याचा मान बरेचदा आपल्याच गावाला मिळतो. हे तोंड गेल्या दहा-बारा वर्षांत झपाट्याने बदलले आहे. पुढची जाळी म्हणजे गाडीचे दात. विजेच्या गाडीचे हे दात पडून गेले आहेत आणि उरलेल्या बोळक्याचे करायचे काय, यावर गाड्यांचे रूप घडवणाऱ्या मंडळींचे अजून एकमत नाही. हा प्रश्न नुसत्या शोभेचा नाही, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

जाळी आली ती कामासाठी. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा रेडिएटरवाटे उष्णता म्हणून बाहेर टाकावा लागतो. त्याला वारा हवा म्हणून पुढे मोकळी जागा, आणि तिथून खडे आत जाऊ नयेत म्हणून जाळी. पुढे हीच कंपनीची ओळख झाली. बीएमडब्ल्यूची मूत्रपिंडाच्या आकाराची जोडजाळी १९३३ पासूनची. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी मुंबईकराला दुरून ओळखू येई ती जाळी आणि दोन गोल डोळ्यांमुळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला तेव्हा लोक हळहळले ते इंजिनासाठी नव्हे, त्या चेहऱ्यासाठी.

विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेचा बहुतेक भाग चाकांना देते. बॅटरीला आणि एअर कंडिशनरला वारा लागतो, पण तो बंपरखालच्या फटीतून भागतो. वरची मोठी जाळी उलट अडचणच करते, कारण आत शिरलेली हवा घोटाळते आणि गाडीला मागे ओढते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाणार याचा हिशेब करणाऱ्याला ही उधळपट्टी परवडत नाही.

हॅलिफॅक्सकरांनी याचे उदाहरण घरचेच घ्यावे. व्होल्वोने १९६३ मध्ये पलीकडच्या काठावर, डार्टमथला, जुळणीचा कारखाना काढला. पुढे तो हॅलिफॅक्समध्ये आला, १९८७ पासून बेयर्स लेकला होता आणि डिसेंबर १९९८ मध्ये बंद झाला. व्होल्वोच्या जाळीवरची तिरपी पट्टी सर्वांच्या परिचयाची आहे. १९२७ सालच्या पहिल्या गाडीवर रेडिएटरपुढे कंपनीचे चिन्ह बसवायला आधार हवा होता, म्हणून ती पट्टी आली. २०१९ मध्ये कंपनीने विजेवरची एक्ससी-४० दाखवली तेव्हा जाळीच्या जागी गाडीच्याच रंगाचा बंद पृष्ठभाग होता, आणि त्यावर ती तिरपी पट्टी होतीच! जाळी गेली, आधाराची गरज गेली, पट्टी राहिली. मला हे आवडते. वाडा पाडल्यावर फ्लॅटच्या दाराला जुनी पितळी कडी लावावी, तसे आहे हे. कडी कोणाला फसवत नाही. फक्त घराण्याची आठवण ठेवते.

इतरांनी मात्र सरळ कवळी बसवली. टेस्लाची मॉडेल एस २०१२ मध्ये आली ती जाळीचा भास करून देणारा काळा तुकडा नाकावर लावून. गिऱ्हाईक बिचकू नये, हाच हेतू असावा. २०१६ मध्ये कंपनीने तो काढून टाकला आणि कोणाचे काही अडले नाही. मर्सिडीजचा प्रवास उलटा. २०२१ च्या ईक्यूएसमध्ये तिने हवेचा विरोध दाखवणारा आकडा ०.२० पर्यंत खाली आणला, पण गाडी गुळगुळीत साबणाच्या वडीसारखी दिसू लागली. मग २०२५ मध्ये विजेवरची जीएलसी दाखवताना जाळी परत आली, तीही ९४२ प्रकाशबिंदूंनी उजळणारी. वारा घ्यायला नव्हे, मिरवायला. लग्नाच्या मांडवात शोभेल, पण रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला ही रोषणाई कशाला?

बीएमडब्ल्यूच्या २०२१ च्या आयएक्सवर सर्वांत जास्त टीका झाली, कारण बंद असूनही तिची जाळी अवाढव्य आहे. पण येथे न्याय करायला हवा. त्या पृष्ठभागामागे कॅमेरा आणि रडार आहेत आणि तो गरम करण्याची सोय आहे. दिसायला कवळी, पण चावता येते.

तिकडे पुणे परिसरातही हेच नाट्य चालू आहे. टाटांची विजेवरची नेक्सॉन जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा तिचे तोंड पेट्रोलच्या बहिणीसारखेच होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बदलून पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची पट्टी आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रने बीई-६ आणि एक्सईव्ही-९ई या गाड्या आणल्या. चाकणला बनणाऱ्या या गाड्यांचा सांगाडाच विजेसाठी वेगळा आखलेला आहे. ओळख आता लोखंडी जाळीकडून दिव्यांकडे गेली. अडचण एवढीच, की दिव्याची पट्टी जो तो लावतो आणि रात्री सगळ्या गाड्या मावसभावंडे वाटतात.

माझा खरा आक्षेप मात्र पुढचा आहे. इंजिन गेले तर नाक आखूड आणि उतरते करता येते. माणसांना आत जास्त जागा मिळते आणि रस्ता जवळून दिसतो. २०१८ च्या जॅग्वार आय-पेसने ते करून दाखवले. तरीही फोर्डने २०२२ मध्ये एफ-१५० लाइटनिंग हा विजेवरचा पिकअप ट्रक आणला तो तेच भिंतीसारखे तोंड घेऊन. बॉनेटखाली इंजिनाऐवजी सामानाचा कप्पा! महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. तीस इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत चाळीस इंचांवरच्या बॉनेटची धडक पादचाऱ्याला प्राणघातक ठरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त असते. म्हणजे दाखवायचे दातही चावतात.

शिवाय आपला हिवाळा. जुने हॅलोजन दिवे तापत आणि त्यांच्या काचेवरचे बर्फ आपोआप वितळे. एलईडी दिव्यांच्या काचा थंड राहतात, त्यामुळे बर्फ चिकटून बसते. तीच गत रडारपुढच्या गुळगुळीत पृष्ठभागाची. ओल्या बर्फाचा थर बसला की गाडी आंधळी होते आणि आपोआप ब्रेक लावण्याची सोय नेमक्या गरजेच्या वेळी हात वर करते. कॅलिफोर्नियाच्या उन्हात सुंदर दिसणारा चेहरा अटलांटिकच्या वादळात काय करतो, हा विचार चित्र काढतानाच व्हायला हवा.

आपल्यापैकी अनेक जण येत्या काही वर्षांत विजेची गाडी घेतील. शोरूममध्ये रोषणाई पाहून झाली की गाडीपुढे उकिडवे बसावे, शाळकरी मुलाच्या उंचीवर. मग विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. चालकाला इथे उभे असलेले मूल दिसते का? दिव्यांवरचे बर्फ कसे जाते? रडारपुढचा भाग गरम होतो का? उत्तरे समाधानकारक असतील तर जाळी खरी की खोटी, याचा वाद सावकाश चहाबरोबर घालता येईल.